ख्रिस्ती लग्नातला एकतेचा विधी कसा निवडावा? ठाणे-नवी मुंबईतल्या जोडप्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न ठरलं, चर्चची तारीख मिळाली, हॉलचा ॲडव्हान्स दिला, की जोडपी आमच्याकडे येतात. हातात मोबाइल असतो. "मावशी, हे बघा ना, असं काहीतरी करायचंय." स्क्रीनवर कधी मेणबत्ती असते, कधी रंगीत वाळू. ठाण्यातल्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी बरीच वर्षं लग्नांच्या तयारीला हातभार लावते आहे. माझं माहेर नगरकडचं प्रोटेस्टंट, सासूबाईंचं माहेर ईस्ट इंडियन कॅथलिक (म्हणजे मुंबई-ठाण्याकडचा मूळचा मराठी बोलणारा कॅथलिक समाज), त्यामुळे दोन्हीकडची लग्नं जवळून बघितली. तेच तेच प्रश्न परत येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

युनिटी सेरेमनी, म्हणजे हा एकतेचा विधी, नेमका काय? लग्न त्याने लागतं का?

नाही, लग्न लागतं ते वचनांनी. पाळक विचारतात, तुम्ही "होय" म्हणता, एकमेकांचा हात धरून शब्द उच्चारता, तिथे लग्न लागलं. लॅटिन, म्हणजे रोमन, परंपरेतल्या कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे तर वधू-वर स्वतःच एकमेकांना हा संस्कार देतात आणि फादर ख्रिस्तसभेच्या वतीने त्यांची संमती स्वीकारतात. त्यानंतर मेणबत्ती, दोरी, मीठ असं जे काही कराल ते त्या वचनाला दिलेलं दिसणारं रूप. घाबरलेल्या नवरीचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही, पण तिने हाताने केलेलं सगळ्यांना दिसतं. एवढ्याचसाठी हा विधी, आणि मला तो मनापासून आवडतो.

युनिटी कँडल, म्हणजे दोघांनी मिळून एक मेणबत्ती पेटवणं, ही फार जुनी ख्रिस्ती प्रथा आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रुजली आणि व्हिडिओंमधून आपल्याकडे आली. हातात हात देणं मात्र खरंच जुनं आहे, आणि ते प्रत्येक चर्चमध्ये होतंच. अँग्लिकन वळणाच्या चर्चमध्ये काही पाळक जोडलेल्या दोन हातांवर आपला स्टोल (गळ्यातला लांब पट्टा) गुंडाळतात आणि म्हणतात, "देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये." पुढच्या वेळी कुणाच्या लग्नाला गेलात की तो क्षण लक्ष देऊन बघा.

मग वेगळा विधी नाहीच केला तर?

काही अडत नाही. चारचौघांत काही करून दाखवायचा ज्यांना संकोच वाटतो त्यांनी हात जोडलेले असताना दोन श्वास जास्त थांबावं, फोटोग्राफरला मधे येऊ देऊ नये. पुरे होतं.

कायद्याला या विधीचं काही लागतं का?

१८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याला हवा असतो तो अधिकार असलेला पाळक किंवा फादर, साक्षीदार आणि रजिस्टरमधली नोंद. तुमची मेणबत्ती पेटली की नाही, हे तिथे कोणी विचारत नाही.

पण त्याच कायद्यातली एक गोष्ट विधी निवडताना ध्यानात ठेवा. कलम १० प्रमाणे लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच लावायचं असतं. खास परवानगीचे काही अपवाद सोडले तर हे बंधन पाळावं लागतं. आता विचार करा, पाच वाजताचं लग्न आहे, नवरी घोडबंदर रोडवर अडकली आहे, गाडी चर्चच्या दारात येते तेव्हा सव्वासहा झालेत. पाळकांना काहीतरी गाळावं लागेल, आणि ते वचनं गाळणार नाहीत, तुमचा विधी गाळतील. हे मी दोनदा बघितलं आहे. म्हणून दहा मिनिटं खाणारा विधी असेल तर लग्नाची वेळ दुपारची घ्या.

फादर किंवा पाळक परवानगी देतील का?

चर्च कोणतं त्यावर आहे. ठाणे आणि नवी मुंबईतले लॅटिन कॅथलिक पॅरिश मुंबई महाधर्मप्रांतात येतात. कॅथलिक चर्चच्या अधिकृत विवाहविधीत युनिटी कँडल नाही, वाळू नाही. त्यामुळे फादर पुष्कळदा सांगतात, "हे रिसेप्शनला करा." त्यात राग मानण्यासारखं काही नाही. मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, ख्रिस्तप्रसाद हीच एकतेची सर्वांत मोठी खूण आहे, तिच्या शेजारी दुसरी छोटी खूण ठेवून ती झाकोळू नये, एवढंच त्यांचं म्हणणं असतं. दुसऱ्या बाजूने, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६३ साली पूजाविधीवर जो दस्तऐवज काढला त्याच्या ७७ व्या परिच्छेदात म्हटलं आहे की विवाहाच्या ज्या चांगल्या स्थानिक प्रथा आहेत त्या जपाव्यात. मंगळसूत्राला वेदीसमोर आशीर्वाद मिळतो तो याच विचाराला धरून. तेव्हा व्हिडिओमधली परकी गोष्ट घेऊन गेलात तर "नको" ऐकू येईल, घरची प्रथा घेऊन गेलात तर फादर खुर्ची पुढे ओढून ऐकतील, असा माझा अनुभव आहे.

सीएनआय म्हणजे १९७० साली अनेक चर्च एकत्र येऊन झालेली उत्तर भारतीय मंडळी, तसंच मेथडिस्ट आणि इतर प्रोटेस्टंट मंडळ्या, यांच्यात पाळकांना थोडी मोकळीक असते. तरी उपासनेचा क्रम ठरलेला असतो आणि मधेच काही घुसवलेलं ज्येष्ठांना आवडत नाही. ऐरोली, कोपरखैरणे, खारघर भागात हॉल भाड्याने घेऊन भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्यांमध्ये बहुतेक सगळं पाळकांच्या मनावर असतं.

पहिल्याच भेटीत विचारा. "आम्ही हे करणार आहोत" असं सांगत जाऊ नका, "हे कुठे बसेल?" असं विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत उपासनेची पुस्तिका छापायला टाकू नका. छापलेल्या अडीचशे पुस्तिकांवर पेनने रेघ मारत बसलेली एक करवली मला अजून आठवते.

युनिटी कँडल करायची ठरली. कशी करावी?

रिवाज असा: मधे एक मोठी मेणबत्ती, दोन्ही बाजूंना एकेक बारीक. दोन्ही आया पुढे येऊन बारीक मेणबत्त्या पेटवतात. वचनं झाली की नवरा-नवरी त्या दोन मेणबत्त्या उचलतात आणि मिळून मधली पेटवतात. व्हिडिओंमध्ये यानंतर बाजूच्या दोन फुंकर मारून विझवतात, आता दोघं एक झाले असं दाखवायला.

ही फुंकर मारू नका, असं मी प्रत्येक जोडप्याला कळकळीने सांगते. आपल्या भाषेत दिवा कोणी विझवत नाही, दिवा मालवतात, शांत करतात. विझवणं हा शब्दसुद्धा घरात जपून वापरतात. लग्नाच्या दिवशी आईने पेटवलेली ज्योत मुलीने आईच्या डोळ्यांदेखत फुंकायची, हे आपल्या माणसांना बघवत नाही. वाशीच्या एका लग्नात फुंकर पडली आणि पहिल्या बाकावरच्या नवरीच्या आजीचा हात आपोआप पुढे गेला, जणू ती विझणारी वात आडोशाला घ्यायला. मला तेव्हाच कळलं. शिवाय धर्मशिकवणुकीच्या बाजूनेही तिन्ही जळत ठेवणंच बरं: दोघे एकदेह होतात म्हणून कोणी एकटं माणूस म्हणून संपत नाही.

कॅथलिक घरांत बाप्तिस्म्याची मेणबत्ती जपून ठेवलेली असते. ती बाप्तिस्म्याच्या वेळी पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली असते. दोघांच्याही कपाटात ती सापडली तर बाजूच्या दोन मेणबत्त्या त्याच घ्या. बाजारातल्या लेस लावलेल्या कुठल्याही सेटपेक्षा त्या मोलाच्या. पास्काची मेणबत्ती मात्र युनिटी कँडल म्हणून मागू नका, ती पुनरुत्थित ख्रिस्ताची खूण आहे.

समई हाही चांगला पर्याय. वर मोराऐवजी क्रूस असलेली समई आपल्याकडच्या बऱ्याच चर्चमध्ये असते. तेलाची वात चटकन जात नाही आणि आजीला काही समजावून सांगावं लागत नाही.

आता पंखा. नवी मुंबईतल्या एका हॉलमध्ये आमच्याच मंडळीतल्या मुलीचं लग्न होतं. मेणबत्ती तीनदा पेटवली, तीनदा गेली. मे महिना, पंखे बंद करायला सांगितलं तर एका स्विचवर अख्खं सभागृह. शेवटी नवऱ्या मुलाच्या काकांनी दोन्ही तळवे ज्योतीभोवती धरले आणि उपासना संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले. फोटोत ते हात आले आहेत. पण दर वेळी असे काका मिळत नाहीत, तेव्हा उंच काचेची चिमणी किंवा हंडी आणून ठेवा आणि मधली मेणबत्ती घरी आधी एकदा पाच मिनिटं पेटवून वात काळी करून ठेवा. कोरी वात पटकन धरत नाही.

एका बाजूची आई विधवा आहे. तिने मेणबत्ती पेटवली तर पाहुणे बोलतील का?

बोलू द्या. तिनेच पेटवावी.

हा प्रश्न मला दबक्या आवाजात विचारला जातो, बहुतेकदा मुलगा विचारतो. आपण ख्रिस्ती झालो त्याला चार-पाच पिढ्या झाल्या तरी शुभकार्यात विधवेने मागे राहायचं हा समज घरात कुठेतरी चिकटून राहिलेला असतो. चर्चच्या विधीत याला काहीही आधार नाही. ज्या बाईने एकटीने पोर वाढवलं, फी भरली, रात्री जागली, तिच्या हातून ज्योत पेटणार नाही तर कोणाच्या? एका चर्चमधल्या लग्नात, नाव सांगत नाही, पण एक आई शेवटच्या क्षणी "माझ्या जावेला करू दे" म्हणून मागे सरली होती. मुलगा वेदीपासून खाली उतरून आला, तिचा हात धरून तिला वर घेऊन गेला. पाळक थांबले. ऑर्गन वाजवणाराही थांबला. कोणीच काही बोललं नाही.

आई हयात नसेल तर वडील पेटवतील. दोघंही नसतील तर ज्याने वाढवलं तो, मग मामा असो की वसतिगृहातल्या सिस्टर.

रंगीत वाळूचा विधी कसा वाटतो?

दोन रंगांची वाळू एका बरणीत ओतायची, पुन्हा वेगळी करता येत नाही, असा त्याचा अर्थ. दिसतं छान, वाऱ्याचा प्रश्न नाही, लॉनवर किंवा खाडीकाठच्या रिसॉर्टवर सोयीचं. मला मात्र तो आपल्या लोकांत उपरा वाटतो. बायबलमधल्या मत्तयाच्या सातव्या अध्यायात वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्ख माणसाचा दाखला आहे, आणि तो रविवारच्या शाळेत आपण सगळे शिकलो आहोत. खारघरच्या एका आजोबांनी वाळू ओतताना शेजारच्याला अगदी साधेपणाने विचारलं, "वाळूवर का?" त्यांना काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. करायचंच असेल तर तळाशी एक दगड ठेवा आणि पाळकांना तो दाखला दोन वाक्यांत सांगू द्या. वाळू मत्स्यालयाच्या दुकानात रंगीत मिळते. रांगोळी वापरू नका, ती उडते आणि पांढऱ्या गाऊनवर बसते.

मिठाच्या कराराबद्दल ऐकलं. तो काय प्रकार आहे?

बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात आणि दुसऱ्या इतिहासाच्या १३ व्या अध्यायात मिठाच्या कराराचा उल्लेख आहे: न बदलणारा, टिकणारा करार. मीठ नासत नाही आणि दुसऱ्याला नासू देत नाही. विधीत दोघं आपापल्या घरचं चिमूट-मूठ मीठ एका भांड्यात ओततात. एकदा मिसळलं की कोणता खडा कोणाचा हे सांगता येत नाही.

माझा कल या विधीकडे सर्वांत जास्त आहे, आणि कारण आपल्या भाषेत आहे. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. बायबलमधला करार आणि आपली म्हण इथे एकाच खड्यावर येतात. त्यात आपण राहतो कुठे, तर खाडीच्या काठी. उरणची मिठागरं, भांडुपकडची मिठागरं आपण लोकलच्या आणि गाडीच्या खिडकीतून बघत आलो. या पट्ट्यातल्या आगरी समाजाच्या कित्येक पिढ्यांचे पाय मिठागरात राबले. नेरुळच्या एका मुलीचे आजोबा उरणच्या मिठागरावर कामाला होते. तिने तिथलंच खडेमीठ आणलं, तिच्या आईच्या जुन्या चिनी मातीच्या बरणीतून. नवरा नगरकडचा, त्याच्या आईने घरच्या मिठाच्या डब्यातलं स्टीलच्या वाटीत दिलं. बारीक पांढरं आणि करडं जाडं मीठ एकमेकांत गेलं तेव्हा झालेला किणकिणाट पुढच्या तीन-चार बाकांनी तरी ऐकला असेल.

दोन खबरदाऱ्या. मीठ ओवाळल्यासारखं हातात फिरवू नका, लोकांना दृष्ट काढताय असं वाटेल, सरळ ओता. आणि पावसाळ्यात लग्न असेल तर मीठ आदल्या दिवशी कढईत कोरडं परतून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जुलैत ठाण्याच्या हवेत उघडं मीठ रात्रीत पाणी सोडतं आणि वेदीसमोर ओतायला गेलात की गोळा पडतो.

तीन पदरी दोरीचा विधी कसा करतात?

बायबलमधल्या उपदेशकाच्या चौथ्या अध्यायाच्या १२ व्या वचनात तीन पदरी दोरी सहजी तुटत नाही असं म्हटलं आहे. त्यावरून तीन धागे घेतात: एक नवऱ्याचा, एक नवरीचा, मधला देवाचा. एकाने वरचं टोक धरायचं, दुसऱ्याने वेणी घालायची.

आपल्याकडे लग्नाला शब्दच "लग्नगाठ" आहे, त्यामुळे हा विधी कानाला परका लागत नाही. आणि तिपेडी वेणी घालता न येणारी आई मराठी घरात शोधावी लागेल. अडचण येते ती नवऱ्या मुलांची. एका मुलाला तीन पेड कळेचनात. आमच्या घरी सोफ्यावर बसून त्याने माझ्या मुलीच्या केसांवर दोन संध्याकाळी सराव केला. लग्नाच्या दिवशी वेणी त्याने घातली, टोक नवरीने धरलं. तसंच करा, असं मी हल्ली सगळ्यांना सुचवते. तो वेणी घालतो आहे हे बघून बायका पुढे वाकतात.

दोरी गुळगुळीत रेशमी घेऊ नका, सुटते. सुती, करंगळीच्या जाडीची, दीडेक हाताची पुरते. वरचं टोक आधीच एका कडीला बांधून ठेवा. बेलापूरच्या एका जोडप्याला दिवाळे कोळीवाड्यातल्या मित्राने जाळ्याच्या दोरीचे तीन पदर दिले आणि जाळं विणताना मारतात ती गाठ शिकवली. ओढली की आणखी घट्ट होते ती. विधीला पूर्ण वेळ दोन-अडीच मिनिटं लागतात, त्यामुळे एका भक्तिगीताची दोन कडवी बरोबर बसतात.

मंगळसूत्र हाच आपला एकतेचा विधी नाही का?

बऱ्याच मराठी ख्रिस्ती घरांत आहेच. काळे मणी, मधे छोटा क्रूस. चर्चमध्ये आशीर्वाद होतो आणि नवरा घालतो. केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेत मिन्नू असतं, क्रूस असलेलं छोटं पान, आणि नवऱ्याने दिलेली साडी म्हणजे मंत्रकोडी. त्या साडीतून काढलेल्या सात धाग्यांत मिन्नू ओवतात. नेरुळ-वाशीकडे मराठी-मल्याळी लग्नं होतात तेव्हा दोन्ही घरांना एकमेकांची ही खूण ओळखीची वाटते आणि बोलणी सोपी होतात. १९८८ साली धर्मप्रांत म्हणून स्थापन झालेला कल्याणचा सिरो-मलबार महाधर्मप्रांत या भागातल्या सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या सिरियन परंपरेतल्या, मल्याळी कॅथलिकांसाठी आहे, त्यांचा विधी वेगळा असतो. आधी तिथल्या अच्चन म्हणजे फादरांशी बोलून घ्या.

मंगळसूत्र एकतर्फी आहे, ते फक्त तिच्या गळ्यात पडतं, असं हल्लीच्या मुली म्हणतात. बरोबर आहे त्यांचं. अंगठ्या दोघांच्या आहेत. मंगळसूत्र हवं असेल तर ठेवा, नको असेल तर आईची समजूत शांतपणे काढा. आणि काही मंडळ्यांत ते मुळीच चालत नाही, तिथे हट्ट नको.

आमचं ईस्ट इंडियन घर आहे. उंबराचं पाणी हाच विधी मानता येईल का?

लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणायचं, ही तुमची प्रथा. १८८७ साली समाजाने ईस्ट इंडियन हे नाव घेतलं, पण प्रथा त्या नावाहून जुन्या. ठाण्यात आता उंबर कुठे आणि विहीर कुठे, टॉवरच्या पार्किंगमध्ये बादली ठेवून बँड वाजवतात. सासूबाईंच्या माहेरी मी लुगडं नेसलेल्या बायकांच्या डोक्यावरच्या घागरी बघितल्या आहेत, म्हणून मला ते पार्किंगमधलंही प्रिय आहे.

रिसेप्शनला त्यातलंच थोडं पाणी वापरा. दोन घरचं पाणी दोन तांब्यांत, दोघांनी मिळून एका घागरीत ओतायचं, आणि योहानाच्या दुसऱ्या अध्यायातली काना गावच्या लग्नाची कथा वाचायची. तिथे दगडी रांजणांत आधी पाणीच भरलं होतं.

एकमेकांचे पाय धुणं?

योहानाच्या १३ व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, त्यावरून. सुंदर आहे, पण आपल्या डोळ्यांना त्याचा आधीच एक अर्थ माहीत आहे: मुलीचे आईवडील जावयाचे पाय धुतात. म्हणून सुरुवात नवऱ्याने करावी. ऐरोलीच्या एका लग्नात तो कोट काढून गुडघ्यावर बसला, तिच्या घोट्यापाशी मेंदी अजून ओली वाटावी इतकी गडद होती, आणि त्याने टॉवेलने ती पुसणार नाही अशा बेताने पाय टिपले. मागच्या बाकावर तिचे वडील रडत होते.

साडी किंवा गाऊन सावरायला करवली जवळ हवी, खाली मेणकापड आणि त्यावर चादर, पाणी कोमट.

बाहेरच्या परंपरांतलं काही घेता येईल?

फिलिपिन्स आणि मेक्सिकोच्या कॅथलिक लग्नांत दोघांच्या खांद्यांवरून इंग्रजी आठच्या आकाराची दोरी घालतात आणि १३ नाणी देतात. ऑर्थोडॉक्स लग्नांत दोघांना मुकुट चढवतात. तुमचं त्या लोकांशी खरं नातं असेल, एखादी फिलिपिनो वहिनी घरात असेल, तर जरूर घ्या. नुसतं फोटोत छान दिसतं म्हणून नको.

आमच्यापैकी एक जण ख्रिस्ती नाही. मग कोणता विधी?

कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायला धर्माधिकाऱ्यांची सूट लागते आणि ते सहसा मिस्साशिवाय लावतात. ते कागद आधी. विधी निवडताना असा निवडा की दुसऱ्या घराला त्यात कमीपणा वाटू नये आणि चर्चलाही अवघडल्यासारखं होऊ नये. मीठ, पाणी आणि समई या तिन्ही गोष्टी दोन्ही स्वयंपाकघरांत, दोन्ही अंगणांत आहेत. त्यामुळे हिंदू सासूबाईही न बिचकता पुढे येतात. अक्षता टाकू द्यायच्या का, हा प्रश्न हमखास निघतो. चर्चच्या आत फादर सांगतील ते. दाराबाहेर फुलांच्या पाकळ्या टाकल्या तर कोणाचीच हरकत नसते.

सोबत कोणतं वचन वाचावं?

मिठाला आणि दोरीला वर दिलेली. मेणबत्तीला मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं दिवठणीवरच्या दिव्याचं. "तुम्ही जाल तिकडे मी येईन" हे रूथचे शब्द जोडपी फार आवडीने निवडतात. ते तिने नवऱ्याला उद्देशून म्हटलेले नाहीत, सासूला म्हटलेले आहेत, नामीला. मला वाटतं ही अडचण नाही, उलट संधी आहे: नवरीच्या सासूबाई मेणबत्ती पेटवायला किंवा मीठ द्यायला पुढे येतात तेव्हा हेच वाचा.

दोन-तीन विधी एकत्र केले तर?

नका करू. अंगठ्या, मंगळसूत्र, मेणबत्ती, दोरी असं एकामागून एक झालं की लोक पंख्याकडे बघायला लागतात. वचनांनंतर एकच, सह्यांच्या आधी.

आदल्या दिवशी काय तपासायचं?

टेबल डुगडुगत नाही ना, आणि ते शेवटच्या बाकावरून दिसतं का, हे स्वतः मागे बसून बघा. काडेपेटी पावसाळ्यात सादळते, म्हणून लायटर. पण स्वयंपाकघरातला गॅस लायटर नको, तो नुसती ठिणगी टाकतो, ज्योत देत नाही. ऐन वेळी हे लक्षात येतं आणि सगळे बेस्टमॅनचे खिसे तपासतात. फोटोग्राफरला उभं राहायची जागा दाखवा आणि तिथेच राहायला सांगा. दोन्ही आयांना एकदा चालवून आणा, कोण आधी उठेल ते ठरवा. सगळ्या वस्तू एका टोपलीत घालून ती अशा माणसाच्या ताब्यात द्या ज्याला लग्नात दुसरं काही काम नाही.

लग्नानंतर त्या वस्तूंचं काय करायचं?

वापरा. मेणबत्ती दर वाढदिवसाला, म्हणजे लग्नाच्या वाढदिवसाला, जेवणाच्या टेबलावर थोडा वेळ पेटवा. दोरीची वेणी काही जण फ्रेममध्ये लावतात, काही बाळाच्या पाळण्याला बांधतात. मीठ स्वयंपाकात घाला, नवीन घरातल्या पहिल्या वरणात. नेरुळच्या त्या मुलीने बरणी संपू दिली नाही. निम्मी झाली की दोन्ही घरांहून मूठ-मूठ मागवते आणि वरून भरते. मागच्या नाताळात मी तिच्याकडे जेवायला गेले होते, मटणात मीठ थोडं कमी होतं, तर तिने तीच बरणी माझ्यापुढे सरकवली.